चार वर्षांच्या मुलीचा डोळा आत जातोय, चष्मा की ऑपरेशन? (आणि २६ वर्षांच्या भावाचं काय)

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. मुलगी चार वर्षांची, सहा-सात महिन्यांपासून डावा डोळा नाकाकडे वळतो, आधी फक्त दमल्यावर किंवा चित्रांचं पुस्तक बघताना, आता जवळजवळ दिवसभर. पहिल्या डॉक्टरांनी +३ चा चष्मा दिला, तो दोन आठवडे घातला आणि मग 'चष्मा काढला की डोळा आधीपेक्षा जास्त आत जातो' म्हणून बंद केला. दुसऱ्यांनी ऑपरेशन लागेल म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणतात मोठी झाली की आपोआप सरळ होईल, आणि तसंही तिरळं माणूस नशीबवान असतं. शिवाय भावाचा, वय २६, उजवा डोळा बाहेर जातो, त्याच्यासाठी स्थळं बघताय, त्याचं या वयात काही होईल का. आणि सगळ्यात शेवटी, घाबरत घाबरत, ऑपरेशनमध्ये डोळा बाहेर काढून ठेवतात का.

आधी शेवटचंच. नाही काढत. कधीच नाही. डोळा जिथे आहे तिथेच असतो. पुढे सविस्तर सांगते, पण ती भीती मनातून काढून मग बाकीचं वाचा.

मी लहान मुलांचे डोळे आणि तिरळेपणा हेच काम बरीच वर्षं करतेय, तुमचा प्रश्न माझ्या ओपीडीत रोज येतो, फक्त गाव बदलतं. मुलीला न बघता ऑपरेशन करा की नको करा हे मी सांगणार नाही, कुणी सांगत असेल तर ऐकूही नका. पण मला वाटतं तुमचे दोन डॉक्टर एकमेकांच्या विरुद्ध बोलत नाहीयेत. तिरळेपणा हा एक आजार नाही, चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, एकीत चष्म्यानं डोळा पूर्ण सरळ होतो, एकीत अर्धा होतो आणि उरलेल्याला ऑपरेशन लागतं, एकीत चष्म्याचा काडीचाही उपयोग नसतो. तुमच्या मुलीत यातलं कुठलं आहे हे अजून कुणी ठरवलेलंच नाही, कारण त्यासाठी ज्या दोन तपासण्या लागतात त्यांचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही. झाल्या असतील आणि तुम्ही लिहायचं विसरला असाल तर उत्तमच.

पहिली तपासणी मागच्या पडद्याची. बाहुली मोठी करून पडदा बघितल्याशिवाय कुठल्याही लहान मुलाच्या तिरळेपणावर पुढे बोलायचंच नाही, हा माझ्याकडे नियम आहे. कारण ज्या डोळ्याला आतून काही झालंय, पडद्यावर डाग आहे, मोतीबिंदू आहे, तो डोळा नजर नसल्यामुळे भरकटतो आणि आई-बापाला फक्त तिरळेपणा दिसतो. रेटिनोब्लास्टोमा म्हणून लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर असतो, बाहुलीत पांढरट चमक हे त्याचं नेहमीचं लक्षण, पण त्याच्या खालोखाल मुलं तिरळेपणा घेऊन येतात. घाबरवायला सांगत नाहीये, तो फार क्वचित असतो, पण पाच मिनिटांच्या तपासणीत तो नाही हे कळतं, मग ती पाच मिनिटं का सोडायची. म्हणून 'मोठी झाली की जाईल' हे घरातल्या मोठ्यांचं मत मी कितीही आदरानं ऐकलं तरी तपासणी पुढे ढकलत नाही. चार महिन्यांपर्यंतच्या बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात, ते चालतं. चार वर्षांच्या मुलीत ते चालत नाही.

(ज्यांच्या बाळाचं नाक बसकं आहे आणि दोन डोळ्यांमधली कातडी रुंद आहे त्यांच्यासाठी एक: असं बाळ बऱ्याचदा तिरळं नसून तिरळं दिसतं. मोबाईलचा फ्लॅश लावून समोरून सरळ फोटो काढा आणि दोन्ही बुबुळांवर प्रकाशाचा ठिपका कुठे पडलाय ते बघा. दोन्हीकडे बाहुलीच्या मधोमध असेल तर बहुधा काळजी नाही, एका डोळ्यात ठिपका बाहेरच्या बाजूला सरकलेला असेल तर तो डोळा खरंच आत आहे. ठिपका एक मिलिमीटर सरकला म्हणजे डोळा साधारण सात अंश वळलाय असा आमचा अंदाज असतो. शंका असेल तर तरीही दाखवा.)

दुसरी तपासणी म्हणजे खरा नंबर. लहान मुलं फोकस करण्यात इतकी पटाईत असतात की मशीनसमोर बसवून किंवा नुसते क्लिनिकमधले ड्रॉप्स टाकून पूर्ण नंबर सापडतोच असं नाही, विशेषतः आपल्याकडच्या काळ्याभोर डोळ्यांत. डोळा आत जाणाऱ्या पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मी अ‍ॅट्रोपीनचं मलम, जे डोळ्याचं फोकस करणं काही दिवस थांबवतं, तीन दिवस घरी लावायला सांगते, दिवसातून दोनदा, तांदळाच्या दाण्याएवढं, खालची पापणी ओढून, आणि लावल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा म्हणजे औषध पोटात कमी जातं. चेहरा लाल झाला, अंग तापलं, मूल चिडचिडं झालं तर थांबायचं आणि फोन करायचा. ट्यूब वरच्या फळीवर ठेवायची, चाटायला नको. या दिवसांत तिला जवळचं धूसर दिसेल, उन्हात डोळे मिटेल, बाहुली आठ-दहा दिवस मोठीच राहील, हे सगळं अपेक्षित आहे. मी हे मुद्दाम लिहितेय कारण अर्ध्या घरांत दुसऱ्या दिवशी 'तिला दिसेनासं झालं' म्हणून मलम बंद होतं आणि आम्ही पुन्हा होतो तिथेच. तुमच्या मुलीचा +३ हा अशा पद्धतीने काढलेला असेल तर ठीक, नसेल तर मला शंका आहे की खरा नंबर त्याहून जास्त निघेल.

आता हा प्लस नंबर आणि तिरळेपणा यांचा संबंध काय, कारण इथेच सगळी गोम आहे. प्लस नंबरच्या डोळ्याला स्पष्ट बघण्यासाठी सतत फोकस करावं लागतं, लांबचं बघतानाही. मोठ्या माणसाचं डोकं दुखेल, पण चार वर्षांचं मूल ते आरामात करतं, म्हणून त्याला चष्म्याशिवायही तक्ता वाचता येतो आणि आई-बाप म्हणतात 'दिसतंय की हिला सगळं, चष्मा कशाला'. पण फोकस करणं आणि दोन्ही डोळे नाकाकडे वळवणं ही दोन कामं मेंदूत एकमेकांना बांधलेली आहेत, एक जास्त केलं की दुसरं आपोआप जास्त होतं. जितका फोकस तितका डोळा आत. म्हणून हा प्रकार दोन-तीन वर्षांच्या आसपास सुरू होतो, जेव्हा मूल बारीक गोष्टी निरखून बघायला लागतं, म्हणून सुरुवातीला चित्रांच्या पुस्तकावर दिसतो आणि नंतर दिवसभर. तुमचं वर्णन याच्याशी बरंच जुळतंय, एवढंच मी लांबून म्हणू शकते. बरेच पालक म्हणतात तापानंतर सुरू झालं, किंवा पडली त्यानंतर. ताप, आजारपण यानं आतून असलेला कल उघडा पडतो, तो काही तापानं तयार होत नाही.

चष्म्यानं फोकस करण्याचं काम काचेवर जातं, डोळा मोकळा होतो आणि सरळ येतो. आणि चष्मा काढल्यावर 'जास्त' आत जातो याचं कारणही हेच. इतके दिवस तिला धूसर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आता स्पष्ट बघायची सवय लागली, चष्मा काढताच ती ते स्पष्टपण परत मिळवायला जोरात फोकस करते आणि डोळा जोरात आत जातो. चष्मा लागू पडतोय याची ही खूण आहे, आणि नेमकी तीच बघून चष्मा बंद करणारे पालक मला दर आठवड्याला भेटतात. मी आता चष्मा लिहून देतानाच हे सांगून ठेवते, तरीही पंधरा दिवसांनी फोन येतोच, बहुतेक वेळा आजीचा.

मग करायचं काय. अ‍ॅट्रोपीननं निघालेला पूर्ण प्लस नंबर, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, फक्त अंघोळ आणि झोप सोडून. फ्रेम नीट बसणारी हवी, नाकावर घसरणारी नको, मागून इलॅस्टिकचा पट्टा लावा, काच फायबरची. मूल काचेच्या वरून बघत असेल तर चष्मा घातलाय असं धरू नका. मी साधारण सहा ते आठ आठवडे देते आणि मग चष्म्यासकट लांबचा आणि जवळचा अँगल, म्हणजे डोळा किती वळलाय ते, मोजते. तीन चित्रं दिसतात. एक, चष्म्यात दोन्ही डोळे सरळ: या मुलाला ऑपरेशन नाही, विषय संपला, चष्मा चालू. दोन, लांबचं सरळ पण जवळचं बघताना अजून आत: याला बायफोकल देऊन बघतो, आणि त्यातली रेघ बाहुलीच्या मधोमध यावी लागते, आजोबांच्या चष्म्यासारखी खाली असेल तर मूल ती वापरतच नाही, ऑप्टिशियनला हे ठणकावून सांगावं लागतं. तीन, चष्मा घालूनही बराच उरलाय, म्हणजे आमच्या मापात पंधरा प्रिझमच्या वर: हा उरलेला भाग ऑपरेशनचा. दुसऱ्या डॉक्टरांना कदाचित हा तिसरा प्रकार वाटला असेल. पण पूर्ण नंबरचा चष्मा पुरेसे दिवस घातल्याशिवाय तो ठरत नाही.

पहिल्या प्रकारातल्या मुलाचं घाईनं ऑपरेशन केलं तर काय होतं? सुरुवातीला सगळे खूश, चष्मा पण गेला. मग वय वाढतं, प्लस नंबर हळूहळू उतरतो, आत ओढणारा जोर कमी होतो आणि डोळा बाहेर जायला लागतो. लहानपणी 'आत' साठी ऑपरेशन झालेलं आणि विशीत 'बाहेर' घेऊन आलेलं माणूस, असे पेशंट माझ्याकडे नियमित येतात आणि जुन्या, चिकटलेल्या स्नायूवर पुन्हा काम करणं हे कुठल्याच सर्जनला आवडत नाही.

आता पट्टी. मी मुलीला तपासताना पहिली गोष्ट करते ती म्हणजे एक खेळणं समोर धरून एकेक डोळा हातानं झाकते. बिघडलेला डोळा झाकला तर मूल खेळणं बघत राहतं. चांगला झाकला की रडतं, मान फिरवतं, माझा हात ढकलतं. हा ढकललेला हात मला तक्त्याच्या आधी सांगतो की दुसऱ्या डोळ्याची नजर कमी आहे. सतत एकच डोळा वळत असेल, तुमच्याकडे डावाच, तर दोन-दोन प्रतिमा दिसू नयेत म्हणून मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करतो आणि तो आळशी पडतो. चष्म्यानंतरही नजर कमी राहिली तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. पट्टी कातडीवर चिकटवायची, चष्म्याच्या काचेवर नाही, पोरं बाजूनं डोकावतात. किती तास हा लोकांचा आवडता प्रश्न. अमेरिकेतल्या बऱ्याच केंद्रांनी मिळून २००३ साली छापलेल्या अभ्यासात सात वर्षांखालच्या मुलांत मध्यम आळशीपणाला रोज दोन तास आणि सहा तास यांचा निकाल सारखाच आला, तीव्र असेल तर सहा तास आणि दिवसभर सारखेच. त्यामुळे मी दोन तासांपासून सुरू करते आणि ते दोन तास खरेच झाले पाहिजेत यावर भांडते, कागदावरचे सहा तास मला नकोत. पट्टी असताना रंगवणं, मणी ओवणं, निवडायला शेंगदाणे द्या, टीव्हीसमोर बसवलं तरी हरकत नाही. सात वर्षांनंतर काहीच होत नाही हे जुनं मत आता कुणी धरत नाही, सात ते बाराच्या मुलांतही फरक पडतो, पण लवकर केलेलं सोपं जातं.

हे ऑपरेशनच्या आधी का, तर ऑपरेशननं डोळा सरळ होतो, नजर वाढत नाही. ही एक गोष्ट लोकांच्या गळी उतरत नाही. आळशी डोळा सरळ करून ठेवला तर दिसायला छान, पण मेंदू तो वापरतच नाही म्हणून तो टिकून राहायला काही आधार नाही, पुन्हा सरकतो. म्हणजे तुमच्या लेकीसाठी क्रम असा: पडदा, खरा नंबर, चष्मा, गरज असेल तर पट्टी, आणि मग उरलेल्याचं ऑपरेशन. यात सहा महिने ते वर्ष जाऊ शकतं, ते वाया गेलेलं नसतं.

पण हा क्रम सगळ्यांना लावू नका. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांतच डोळे मोठ्या अँगलनं आत गेलेली बाळं असतात, त्यांना प्लस नंबर फारसा नसतो, उजवीकडचं डाव्या डोळ्यानं आणि डावीकडचं उजव्या डोळ्यानं बघतात, तिथे चष्म्याची वाट बघत पाच वर्षं काढली तर दोन्ही डोळ्यांनी मिळून खोली, म्हणजे वस्तू किती जवळ किंवा लांब आहे ते, कळण्याची थोडीफार जी संधी असते ती हातची जाते. त्यांचं ऑपरेशन आम्ही दोन वर्षांच्या आत उरकायला बघतो. मान एका खांद्याकडे वाकडी ठेवणारी मुलं वेगळी, मानेची समजून महिनोन्महिने फिजिओथेरपी चालते आणि दोष असतो डोळा खाली-वर फिरवणाऱ्या एका स्नायूच्या नसेत. एक डोळा झाकल्यावर मान सरळ झाली तर मानेला दोष देऊ नका. आणि काही मुलांत एक डोळा, जास्त करून डावा, बाहेरच्या बाजूला वळतच नाही आणि आत वळताना बारीक होतो, ते जन्मतः नसांची जोडणीच वेगळी झाल्यामुळे, त्याला समोर बघताना डोळे सरळ असतील तर आम्ही हातही लावत नाही.

आता ऑपरेशन. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू असतात, डोळ्याच्या पांढऱ्या भागाला चिकटलेले. तिरळेपणाच्या सर्जरीत डोळ्याच्या आत आम्ही जातच नाही. बैलाच्या दोन बाजूंच्या कासऱ्यांसारखं आहे, जिकडे ओढ जास्त तिकडचा सैल सोडायचा किंवा समोरचा आखडायचा. लहान मुलांना पूर्ण भूल देतात. पापणी छोट्या क्लिपनं उघडी ठेवतात, पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाला पापणीच्या आड लपेल अशी छोटी चीर, त्यातून हुकानं स्नायू पकडायचा, त्याला विरघळणारा बारीक टाका घ्यायचा, मुळापासून सोडवायचा, आणि कॅलिपरनं मोजून मागे नेऊन पुन्हा शिवायचा. आतला, म्हणजे नाकाकडचा, स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण साडेपाच मिलिमीटरवर चिकटलेला असतो. अँगल ३० प्रिझम असेल तर दोन्ही डोळ्यांचे आतले स्नायू साधारण साडेचार मिलिमीटर मागे, ५० असेल तर सहा. म्हणजे अर्धा मिलिमीटर चुकला की निकालात पाच प्रिझमचा फरक, म्हणून आम्ही अँगल वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा मोजतो आणि पालक वैतागतात. ज्या जागी सुई घालायची ती पांढऱ्या भागाची भिंत स्नायूच्या मागे फक्त ०.३ मिलिमीटर जाड असते. टाका त्या भिंतीच्या आतल्या आत घ्यायचा, आरपार जाऊ द्यायचा नाही, सर्जनचं खरं कसब इथे लागतं.

एकच डोळा तिरळा असताना दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन का, हे विचारतातच. कारण दोन्ही डोळे जोडीनं हलतात, काम दोन्हीकडे वाटलं की हालचाल समान राहते. ज्याची एका डोळ्याची नजर कायमची कमी आहे त्याला मात्र मी चांगल्या डोळ्याला शक्यतो हात लावत नाही.

स्नायू ओढला की हृदयाचे ठोके मंदावू शकतात, हे शरीराचं एक प्रतिक्षिप्त कार्य आहे, १९०८ पासून माहीत असलेलं. मॉनिटरचा टिक-टिक आवाज एकदम संथ होतो, भूलतज्ज्ञ म्हणतात 'मॅडम, सोडा', मी हूक सैल करते, काही सेकंदांत ठोके परत जागेवर. म्हणून लहान मुलांची भूल रोज देणारा भूलतज्ज्ञ असलेलं हॉस्पिटल निवडा, एवढा एकच मुद्दा मी पैशापेक्षा वर ठेवेन. उपाशी ठेवायचे तास तेच सांगतील, साधारण दूध-जेवण सहा तास आधी बंद आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. 'थोडंसं बिस्किट दिलं, रडत होती' हे लपवू नका, त्या दिवशीचं ऑपरेशन रद्द होणं परवडतं. सर्दी-खोकला असेल तर पुढे ढकला.

बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. पहिल्या दिवशी उलट्या होतात, या सर्जरीत त्या जास्तच होतात. डोळा लालभडक दिसतो, बघून पोटात गोळा येईल, पण दोन-तीन आठवड्यांत लाली जाते, टाके काढावे लागत नाहीत. ड्रॉप्स घालायचे, डोक्यावरून पाणी घेणं थोडे दिवस बंद, पोहणं महिनाभर नाही, माती-धूळ टाळा, शाळा आठवड्या-दीड आठवड्यात सुरू. आणि चष्मा? चालू. ऑपरेशन फक्त चष्म्यानंतर उरलेल्या अँगलचं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून चष्मा पुन्हा नाकावर.

धोका शून्य नाही. इन्फेक्शन, सुई आरपार जाणं, स्नायू निसटणं हे क्वचित. नेहमी होणारी गोष्ट म्हणजे कमी किंवा जास्त होणं. पाचातल्या साधारण एकाला आयुष्यात कधीतरी पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, असं मी पालकांना आधीच सांगते, आणि ते ऐकून जे उठून जातात त्यांना मी थांबवत नाही. स्नायू मिलिमीटरमध्ये मोजता येतो, मेंदू नाही येत. हे काम १८३९ पासून चालू आहे, बर्लिनला डीफेनबाख नावाच्या सर्जननं आतला स्नायू कापून डोळा सरळ केला, तेव्हा भूल नावाची गोष्ट अजून यायची होती, त्या मानानं आपण बरेच पुढे आलोय. आणि गंमत म्हणजे सुरकुत्या घालवायला लोक जे बोटॉक्स घेतात त्याची सुरुवात अ‍ॅलन स्कॉट या डोळ्याच्या डॉक्टरनं तिरळेपणाला ऑपरेशनऐवजी इंजेक्शन शोधताना केली, १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठीच. आजही निवडक पेशंटना आम्ही ते देतो, तुमच्या मुलीचा तो पहिला पर्याय नाही.

खर्चाचं मी आकडा टाकत नाही, शहराप्रमाणे फार फरक आहे. सरकारी मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागात आणि मोठ्या ट्रस्टच्या नेत्र रुग्णालयांत चौकशी करा, सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. मेडिक्लेमवाले कधी कधी 'सौंदर्यासाठी' म्हणून नाकारतात, अशा वेळी दोन्ही डोळ्यांनी मिळून बघण्याची क्षमता कमी आहे, त्याच्या मोजमापासकट, असं डॉक्टरांचं पत्र आधीच घेऊन प्री-ऑथ, म्हणजे ऑपरेशनआधीच कंपनीची मंजुरी, करा.

आता भाऊ. बाहेर जाणारा डोळा हा वेगळाच प्राणी. आपल्याकडे, एकूणच आशियात, हाच प्रकार जास्त दिसतो, युरोप-अमेरिकेत आत जाणारा जास्त. बहुतेकांत तो सुरुवातीला अधूनमधून जातो, दमल्यावर, तंद्री लागल्यावर, आणि उन्हात आलं की एक डोळा मिटून घ्यायची सवय असते. आईला विचारा तो लहानपणी क्रिकेट खेळताना एक डोळा मिटायचा का. मुलांमध्ये आम्ही लगेच ऑपरेशन करत नाही, सगळ्यांचं वाढतंच असं नाही, डोळा दिवसातला किती वेळ बाहेर असतो आणि खोली कळण्याची चाचणी घसरतेय का यावर ठरवतो. भावाचा आता कायम बाहेर असतो की अधूनमधून, आणि त्या डोळ्याची नजर किती, यावर सगळं आहे. त्याला आधी या दोन गोष्टी मोजायला सांगा.

वय २६ म्हणून काही अडत नाही, चाळिशी-पन्नाशीतही करतो. दोन्ही डोळ्यांची नजर चांगली असेल आणि डोळा अधूनमधूनच जात असेल तर निकाल छान येतो. उजव्या डोळ्याची नजर लहानपणापासूनच कमी असेल तर डोळा सरळ दिसेल, नजर तेवढीच राहील, आणि काही वर्षांनी थोडा पुन्हा सरकू शकतो. ऑपरेशनआधी प्रिझम लावून बघायचं की सरळ केल्यावर त्याला दोन-दोन दिसतं का. पहिले काही दिवस बाहेर जाणारा डोळा किंचित आत आलेला दिसला तर घाबरू नका, आम्ही तो मुद्दाम थोडा जास्त दुरुस्त करतो, कारण तो परत बाहेर सरकतो हे गृहीत धरलेलं असतं. त्याच्या बाबतीत असाही पर्याय आहे की टाका सरकता ठेवायचा आणि पूर्ण शुद्धीवर आल्यावर, त्याला समोर बसवून, अँगल बघून टाका घट्ट किंवा सैल करायचा. पोलीस किंवा सैन्य भरतीचा विचार असेल तर त्या खात्याचे नजरेचे निकष आधी वाचून या, कारण सरळ डोळा आणि पुरेशी नजर या दोन वेगळ्या अटी आहेत. स्थळांचं म्हणाल तर, मी तरी लग्नाच्या तारखेच्या निदान तीन महिने आधीच करते, लाली आणि अँगल दोन्ही बसायला वेळ लागतो, हळदीच्या आदल्या आठवड्यात धावत येणारे नवरदेव मी परत पाठवलेत.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक: मोठ्या माणसाला अचानक दोन-दोन दिसायला लागलं आणि डोळा वळला तर वरचं काहीही लागू नाही. शुगर-बीपी असलेल्यांत डोळा बाहेर फिरवणाऱ्या नसेचा रक्तपुरवठा तुटल्यानं असं होतं, बहुतेकांचं तीन ते सहा महिन्यांत भरून येतं, तोवर एक काच झाकून किंवा प्रिझम लावून वेळ काढतो आणि सहा महिने अँगल स्थिर राहिल्याशिवाय ऑपरेशनचं नावही काढत नाही. पण पापणी खाली आली, बाहुली मोठी झाली आणि डोकं फुटेल असं दुखतंय, तर नेत्रतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घेत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते.

तुम्ही सध्या एवढं करा. आहे तो +३ चा चष्मा आजच पुन्हा सुरू करा, तो कमी असला तरी काही नसण्यापेक्षा बरा. लहान मुलांच्या तिरळेपणाचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडे अ‍ॅट्रोपीन आणि पडद्याची तपासणी मागून घ्या, जाताना मुलीचे दोन वर्षांपासूनचे समोरून काढलेले फोटो मोबाईलमध्ये वेगळे काढून न्या, तिरळेपणा नक्की कधी सुरू झाला हे आईच्या आठवणीपेक्षा वाढदिवसाचे फोटो जास्त बरोबर सांगतात. घरात कुणाला लहानपणी प्लस नंबर किंवा तिरळेपणा होता का तेही विचारून ठेवा, मामाचा तर आहेच. नवीन नंबरचा चष्मा दीड-दोन महिने घातल्यावर चष्म्यासकट आणि चष्म्याशिवाय, लांबचा आणि जवळचा, असे चार अँगल आणि दोन्ही डोळ्यांची नजर लिहून घ्या आणि इथेच टाका. ते आकडे दिसले की दुसऱ्या डॉक्टरांचं ऑपरेशनचं म्हणणं किती बरोबर आहे त्यावर नीट बोलता येईल.